बॉयलरकाकांचा टब

एकतीस वर्षं ज्या माणसाने चारशे खाटांच्या रुग्णालयाला वाफ पुरवली, त्याला चार माणसांच्या टबातलं पाणी कोमट ठेवता येऊ नये, ह्यात विनोद आहे हे बॉयलरकाकांनाही कळत होतं. फक्त तो विनोद त्यांच्याच घरात घडत असल्यामुळे हसायला त्यांना सवड नव्हती.

गल्लीत त्यांचं खरं नाव कुणाला ठाऊक नसे. पोस्टमनसुद्धा "बॉयलरचं पाकीट" म्हणून शेजारी ठेवून जाई. रुग्णालयाच्या तळघरात दोन बॉयलर होते आणि त्या दोघांच्या मधोमध एका लोखंडी खुर्चीवर काका. वरच्या मजल्यांवर माणसं जन्मली, मेली, बरी झाली. काकांना त्यातलं काही दिसलं नाही. चादरी उकळतायत, शस्त्रक्रियेची हत्यारं निर्जंतुक होतायत, म्हणजे वर सगळं ठीक असणार, असा त्यांचा जगाविषयीचा अंदाज. निवृत्तीच्या समारंभात अधीक्षक म्हणाले, "ह्यांच्या काळात एकही बिघाड झाला नाही." हे धादांत खोटं होतं. बिघाड ढीगभर झाले. ते जिना चढून वर पोचायच्या आत काकांनी निस्तरले, एवढंच.

निवृत्तीनंतर तीन वर्षांनी काकूंच्या हातांना संधिवाताने धरलं. म्हातारपणी गुडघे कुरकुरतात तसला नव्हे. डॉक्टरांच्या भाषेत, शरीराचे शिपाई शरीरावरच उलटतात तसला. आधी बोटं, मग मनगटं, मग गुडघे आणि कंबर. सकाळी उठल्यावर काकूंची मूठ मिटत नसे, आणि मिटलीच तर उघडत नसे. औषधं चालू होती. त्यांच्या जोडीला डॉक्टरांनी गरम पाण्यात बसायला सांगितलं. रोज वीस मिनिटं, अडतीस अंश. "चाळीस नको, हृदयाला झेपणार नाही. आणि पस्तीसचा उपयोग नाही."

मुलगी दुसऱ्या शहरात राहायची आणि अशा कचेरीत काम करायची जिथे दिवसभर बैठका होऊन निर्णय घेतले जातात. आईचा निर्णय तिने फोनवर पाच मिनिटांत घेतला. महिन्याभरात मागच्या पत्र्याच्या पडवीत एक करड्या रंगाचा टब येऊन बसला. बाराशे लिटरचा, आत बसायला ओटे, पाठीशी फवारे, वर गादीसारखं जाड झाकण. कडेला एक छोटी पाटी होती. मर्जी असली की ती तापमान दाखवायची, नसली की तीन इंग्रजी अक्षरं.

काकूंनी त्याला पहिल्याच दिवशी हौद म्हणून टाकलं. "अहो, हौद तापला का?"

"टब म्हण गं. लोक काय म्हणतील?"

"लोक बसणार आहेत का त्यात?"

चौथ्या दिवशी पाण्यात बसल्या बसल्या काकूंचा उजवा हात उघडला. एखादी अडकलेली खिडकी आपोआप सुटावी तसा. त्या हाताकडे बघतच राहिल्या. काकांनी मात्र घड्याळ बघून वेळ टिपून ठेवली. नंतर लक्षात आलं की पाण्यातून बाहेर आल्यावर दोनेक तास बोटं ऐकतात. तेवढ्यात स्वतःची बटणं स्वतः लावायची, कुलपात किल्ली फिरवायची, पेन धरायचं. एकदा त्यांनी वाण्याची यादी स्वतः लिहिली. अक्षर कोंबडीच्या पायांचं, पण वाचता येण्याजोगं. यादीत पहिलं होतं सुई-दोरा.

"सुई-दोरा कशाला?"

"ओवून बघायचंय."

काकांना टबाचं जे काही महत्त्व कळायचं ते त्या दिवशी कळलं. लोक देव पाण्यात घालून बसतात; काकांनी बायकोला बसवलं होतं आणि बाहेर स्टुलावर स्वतः राखण करत होते.

तिसऱ्या आठवड्यात टब पहिल्यांदा बंद पडला. पाटीवर तीन अक्षरं लुकलुकू लागली. पुस्तिकेप्रमाणे त्यांचा अर्थ असा की नळीतून पाणी पुरेसं वाहत नाहीये, म्हणून हीटर स्वतःहून थांबला आहे. काकांनी पुस्तिका दोनदा वाचली, फिल्टर काढून धुतला, आणि शेवटी हात टेकून मेकॅनिकला फोन केला.

मेकॅनिक म्हणून आल्या त्या एक बाई. पंचेचाळिशीच्या, दणकट, खांद्यावर रॅकेटची जुनी पिशवी आणि तिच्यात नट आवळायचे पाने. आधी हॉटेलांचे पोहण्याचे तलाव सांभाळायच्या, आता असले घरगुती टब. टब थोडे आणि मेकॅनिक त्याहून थोडे, त्यामुळे अर्ध्या प्रांतावर त्यांचं एकछत्री राज्य होतं. आल्या तशा गुडघ्यांवर बसल्या, बाजूची फळी काढली आणि पंपाला म्हणाल्या, "काय रे बाबा, कुठे दुखतंय?"

काकांना हा प्रकार आवडला नाही. यंत्राशी बोलायचं नसतं, यंत्राचं ऐकायचं असतं, असं त्यांचं मत. पण बाईंनी पंपावरचं नट पाव फेरा सैल केलं, सुस्स करून हवा निघाली, मागून पाणी आलं, आणि पंप चालू झाला.

"हवा धरली होती, काका. अडकलेली हवा. पंपाला पाणी ढकलता येतं, हवा नाही ढकलता येत."

"हवा आली कुठून?"

"ते बघू. पहिल्यांदा होतं कधीकधी."

नऊ दिवसांनी दुसऱ्यांदा झालं. मग पाच दिवसांनी. मग लागोपाठ दोन दिवस. बाई यायच्या, हवा काढायच्या, आणि दर खेपेला एकेका भागावर संशय घ्यायच्या. आधी फिल्टर बदलला. मग पाण्याचा वेग ओळखणारं बटण बदललं. मग पंपाचं सील. मग कडेची ती पाटीच. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, असं दोन महिने चाललं. नट सैल करून हवा काढायला एव्हाना काकाही शिकले होते; पण हवा काढली तरी गार झालेलं बाराशे लिटर पाणी पुन्हा तापायला पुरा दिवस घ्यायचं, कधी दीड. तेवढा वेळ काकू खाटेवर.

शेजारच्या मास्तरांनी, म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या आणि तेव्हापासून शिकवायला कुणी न मिळालेल्या गृहस्थांनी, कुंपणापलीकडून एक निरीक्षण नोंदवलं. "बॉयलर, तुमच्या टबाचा वहिनींवर फार जीव दिसतो हो. त्यांचं दुखणं वाढलं की हाही अंथरूण धरतो."

काका हसले, घरात आले आणि तारखा आठवून पाहिल्या. मास्तरांची थट्टा खरी होती. ज्या ज्या दिवशी काकूंना पहाटे कूससुद्धा बदलता आली नव्हती, नेमका त्या त्या दिवशी टब बंद. एकही अपवाद नाही. आयुष्यभर काट्यावर विश्वास ठेवलेल्या माणसाच्या अंगावर काटा आला. असं कसं होईल? पंपाला काय माहीत, घरात कोण कण्हतंय ते?

हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगणार काय, आणि कुणाला? मेकॅनिक बाईंना?

मग मुलीचा फोन आला. फोन खाटेवर, दोघांच्या मध्ये, आवाज मोठा करून ठेवलेला.

"बाबा, ह्या महिन्यात किती दिवस चालला?"

"अठरा."

"म्हणजे बारा दिवस आई झोपून."

"अगं, बाईंनी आता पाटी बदललीय. आता..."

"मागच्या वेळी सील बदललं होतं. हे बघा, माझ्या घराजवळ केंद्र आहे. गरम पाण्याचा तलाव आहे, व्यायाम करून घ्यायला माणसं आहेत. अजून एकदा बंद पडला की मी येते आणि आईला घेऊन जाते. तुम्हीही चला."

"मी काय करू तिथे?"

"इथे काय करताय?"

काकूंनी मध्ये तोंड घातलं. "मला कुठे जायचं नाहीये. माझा हौद बरा आहे."

"आई, हौद बरा नाहीये, तेच तर म्हणतेय मी!"

फोन संपला. काकू म्हणाल्या, "तिच्याकडे सगळं वेळेवर होतं. जेवणसुद्धा." ह्यात तक्रार होती की कौतुक, काकांना ठरवता आलं नाही. एक गोष्ट मात्र पक्की झाली होती. टब आणखी एकदा बसला की बायको चालली. बेचाळीस वर्षांचा संसार आता पंपातल्या हवेवर येऊन ठेपला होता.

अकरा दिवस टब नीट चालला. बाराव्या पहाटे उठवताना काकूंनी ओठ चावून धरला, आणि साडेसहाला पडवीत तीन अक्षरं लुकलुकत होती.

बाई दुपारी आल्या. ह्या खेपेला पंपाशी बोलल्या नाहीत. पायरीवर बसल्या, कपाळ पुसलं. "काका, मी हात टेकले. बदलायचं काही उरलेलं नाही, तुम्ही आणि मी सोडून. मला तारखा सांगा. कधी कधी बंद पडला?"

"तारखा कशाला, वहीच देतो."

काकांच्या वहीत आश्चर्य काहीच नव्हतं. बॉयलरवाला नोंदवही ठेवतोच. श्वास घेण्याइतकंच ते सवयीचं. रोजची एक ओळ. तापमान, क्लोरीन, पाण्याची पातळी, काकू आत किती वाजता, बाहेर किती वाजता. बाईंनी असली वही कुठल्याच घरी पाहिली नव्हती. एकेक पान उलटत त्या शेवटच्या रकान्याशी थांबल्या.

"काका, हे 'ब्लो' काय आहे? ब्लो, पाच चाळीस. ब्लो, पाच पस्तीस. रोज आहे."

"ब्लोडाऊन."

"म्हणजे?"

काकांना वाटलं बाई परीक्षा घेतायत. "ब्लोडाऊन हो. तळाचा नळ उघडायचा, दोन मिनिटं पाणी सोडायचं. तळाला बसलेला गाळ, क्षार, सगळं निघून जातं. मग वरून ताजं पाणी भरायचं. बॉयलरला रोज करावंच लागतं. नाही केलं तर बॉयलर जातो."

"हा टब आहे."

"पाणी तापवतो ना?"

बाईंनी वही मांडीवर ठेवली. "तुम्ही रोज सकाळी, मला न सांगता, तळाचा नळ उघडताय?"

"न सांगता काय? लिहिलंय की."

लिहिलं होतं खरं. दोन महिने लिहिलं होतं, आणि दोन महिने ती वही पडवीतल्या खिळ्याला लटकत होती. बाईंनी कधी विचारलं नाही. दात घासता का हे कुणी कुणाला विचारत नाही, तसं काकांनी कधी सांगितलं नाही.

मग बाईंनी बोट लावून एकेक ओळ पाहिली. टब चालला त्या दिवशी ब्लो पाच पस्तीस, पाच चाळीस, पाच पन्नास. टब बसला त्या दिवशी सहा पाच. सहा दहा. सहा वीस.

"सहा वाजता पंप आपोआप सुरू होतो," बाई सावकाश म्हणाल्या. "वेळ मीच लावून दिलीय. सहाच्या आत नळ बंद केलात तर काही नाही. पण सहानंतर नळ उघडा असला की चालू पंप त्या नळातून हवा ओढतो. हाच तो. हाच." मग वर बघितलं. "पण काका, तुम्ही इतके घड्याळाचे. ह्याच दिवशी उशीर का?"

काकांनी घराच्या दाराकडे पाहिलं.

"त्या दिवशी हिला उठवून बसवायला वेळ लागतो," ते म्हणाले. "आधी हिला बसवतो. मग नळ."

मास्तरांची थट्टा अशी सुटली. पंपाला काही कळत नव्हतं. ज्या पहाटे काकूंना फार दुखायचं त्या पहाटे काका त्यांच्यापाशी अर्धा तास जास्त थांबायचे, आणि तो अर्धा तास टबाला महाग पडायचा.

एवढ्यावर भागलं असतं तर ही गोष्ट सांगायचं कारण नव्हतं. नळ उघडायचा नाही, संपलं. पण बाईंच्या डोक्यात किडा वळवळला. त्यांनी विचारलं, "वरून भरता ते पाणी कुठलं?"

"बोअरचं."

बाईंनी वीज बंद केली आणि हीटरची नळी उघडली. आतल्या दांड्यावर पांढरा थर होता, अंड्याच्या टरफलाइतका कडक. बोअरचं पाणी क्षारांचं. टबात एकदा भरलं की एकदाच काय ते क्षार यायचे. काका रोज चाळीस लिटर काढून चाळीस लिटर नवं घालत होते. म्हणजे महिन्याभरात बाराशे लिटर नवं पाणी आणि बाराशे लिटरचे नवे क्षार. बॉयलरमधून वाफ जाते आणि क्षार मागे साठतात, म्हणून तिथे ब्लोडाऊन. टबातून वाफ नावापुरती. जाऊन-येऊन असायच्या त्या काकू. हे काकांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. थर पाहताक्षणी एकतीस वर्षांची विद्या एका दमात पुढे झाली आणि म्हणाली, हे मी केलं.

थराखाली दांड्याला केसाएवढी चीर होती.

"हा आता लावता येणार नाही," बाई म्हणाल्या. "पाण्यात करंट उतरेल. काकूंना आत बसवायचं नाही, शपथ आहे. नवा मागवते. तीन आठवडे. चारही लागतील."

"तोवर?"

बाईंनी पाने पिशवीत भरले. "तोवर झाकण ठेवा, काका."

संध्याकाळी काकांनी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. पाणी चोवीस अंशांवर. अडतीसवर न्यायचं तर जवळजवळ उकळतं पाणी अडीचशे लिटर लागेल. स्वयंपाकघरातला मोठा टोप बारा लिटरचा. एकवीस टोप. पहिल्या टोपाची ऊब एकविसाव्यापर्यंत टिकणार नाही, म्हणजे एकवीसही पुरणार नाहीत. आणि हे रोज. गणित कुठेही चुकलं नव्हतं. त्यांनी पेन्सिल ठेवली, एक परात गरम पाण्याने भरली आणि काकूंचे हात त्यात बुडवले. हातांना बरं वाटलं. परातीत कंबर मावत नाही.

"काय झालं होतं शेवटी?" काकूंनी विचारलं.

काकांनी सगळं सांगितलं. नळ, सहा वाजता, हवा, क्षार. खाली परातीकडे बघत सांगितलं.

काकूंनी विचार केला. "म्हणजे मला उचलण्यात उशीर व्हायचा म्हणून."

"नाही. मी नळ उघडायचो म्हणून."

"मी लवकर उठले असते तर सहाच्या आत झालं असतं ना तुमचं?"

"मुळात उघडायलाच नको होता."

"पण उशीर माझ्यामुळेच."

"अगं, हीटर क्षारांनी गेला! त्याचा तुझ्या उठण्याशी काही संबंध नाही!"

"ओरडताय कशाला? दोषात एवढासा वाटा मला दिला तर काय बिघडतं तुमचं?"

मुलीला फोन काकांनीच केला. लपवणं त्यांना जमलं असतं. एकतीस वर्षं तेच तर केलं होतं. पण इथे वरचा मजला नव्हता. जिच्यापर्यंत बिघाड पोचू द्यायचा नव्हता ती बाजूलाच झोपलेली होती.

मुलगी रागावली नाही. ती रागावली असती तर काकांना बोलायला काहीतरी मिळालं असतं. ती फक्त म्हणाली, "बाबा, तुम्ही दमलात," आणि रविवारी नवऱ्यासह गाडी घेऊन आली. पिशव्या काकांनी भरल्या. काकूंना उचलून गाडीत बसवायचं तंत्र फक्त त्यांना ठाऊक होतं: डावा हात पाठीमागून, उजवा गुडघ्यांखाली, आणि उचलायच्या आधी तीन मोजायचे. ते त्यांनी जावयाला दोनदा करून दाखवलं. जावई हुशार होता. दुसऱ्याच वेळी त्याला जमलं.

हीटर पंचवीस दिवसांनी आला. मेकॅनिक बाईंनी तो बसवला, तळाच्या नळाला टोपण लावलं आणि पान्याने आवळलं. "नळाकडे बघायचंसुद्धा नाही," असा दम देऊन गेल्या. त्यानंतर टब जो चालू लागला तो थांबला नाही. अडतीस म्हणजे अडतीस. पाणी काचेसारखं. फेस नाही, वास नाही, पाणी तपासायच्या पट्टीवरचे सगळे रंग जिथल्या तिथे. आत कुणी उतरत नसल्यामुळे पाणी बिघडायला वावच नव्हता. बाई एकदा सहज बघून गेल्या आणि म्हणाल्या, असा टब आपल्या अख्ख्या हद्दीत दुसरा नाही.

काकांनी एकविसाव्या दिवसापर्यंत वाट पाहिली, कारण आधी टब बिघाडाविना सलग चालला होता तो जास्तीत जास्त वीस दिवस. मग फोन केला.

"तीन आठवडे झाले. एकदाही बंद नाही."

"बरं झालं हो," काकू म्हणाल्या. आवाज ताजा होता. मागे पोरांचा गलका. "अहो, मी आज बारा पावलं चालले. पाण्यात नाही, फरशीवर. इथली व्यायामवाली भारी कडक आहे. तुमच्याहून."

"बारा?"

"नातीने मोजली. तिला विचारा हवं तर."

काकांना आनंद झाला. खरोखर झाला, आणि त्या आनंदाचं करायचं काय हे न कळल्यामुळे ते म्हणाले, "मग आता कधी येतेस?"

"व्यायामवाली म्हणते सहा महिने तरी मध्ये थांबायचं नाही." मग म्हणाल्या, "तुम्हीच या ना. नात रोज विचारते. हॉलमध्ये झोपायला होईल की."

"येईन. पण टबाचं काय?"

"टबाचं काय म्हणजे? बंद करा."

"बंद केला की पाणी खराब होतं. मग ओतून द्यावं लागतं, नळ्या कोरड्या कराव्या लागतात. नाहीतर आत बुरशी धरते."

"मग द्या ओतून."

"आणि तू आलीस तर?"

"मी आले तर पुन्हा भरा. एक दिवस लागेल, त्यात काय?"

पडवीत पंप सुरू झाल्याचा आवाज आला, बारीक, गोल, दृष्ट लागावी असा.

"आता कुठे चालू झालाय गं तो," ते म्हणाले. "चाललेला कसा बंद करू?"

काकूंना ह्यावर पुष्कळ बोलता आलं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "जेवलात का?"